एका घरातले दोन गुडघे

प्रश्न: मी ३३ वर्षांचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवायचं, काम करतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेआधी नंदीध्वजाचा (मिरवणुकीत पेलायच्या उंच, जड काठीचा) सराव चालू होता. उजवा पाय रोवलेला, अंगावर भार, आणि मी तसाच डावीकडे वळलो. गुडघ्यात आतल्या बाजूला चरकलं. चालत घरी आलो, पण सकाळी उठलो तर गुडघा सुजलेला. आज १२ दिवस झाले. उकिडवं बसता येत नाही, झोपेत कूस बदलताना कळ येते. डॉक्टरांनी दहा-पंधरा मिनिटं गुडघा दाबून, वाकवून, फिरवून पाहिला, एक्स-रे काढला आणि ‘आतली गादी फाटल्यासारखी वाटते, तीन आठवड्यांनी परत या’ म्हणाले. एमआरआय सांगितलाच नाही. माझी आई ५८ वर्षांची, विड्या वळते. तिचा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. तिला मात्र दुसरीकडे पहिल्याच भेटीत एमआरआय करायला लावला. ‘आतल्या मेनिस्कसचा (म्हणजे गादीचा) मागचा भाग फाटलेला, ग्रेड ३’ असा रिपोर्ट आला आणि दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. नुसत्या हातानं गादी फाटल्याचं खरंच कळतं का? दोघांपैकी कोणाचं बरोबर? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: बऱ्याच अंशी कळतं. तुमच्या डॉक्टरांनी तुमची बोळवण केलेली नाही. आईंच्या बाबतीत मात्र आधी फोटो निघाला आणि गुडघा नीट तपासायचा राहून गेला, असं पत्रावरून दिसतं. हे असं का म्हणतो, ते सांगायला तुमचा गुडघा आधी घेऊ.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. आतली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी, बाहेरची जवळजवळ गोल. बाहेरची गादी बऱ्यापैकी सरकते. आतली सांध्याच्या आवरणाला आणि आतल्या बाजूच्या लिगामेंटला (हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला) पक्की जोडलेली असल्यामुळे फारशी हलत नाही. म्हणून पाय जमिनीवर रोवलेला असताना वरचं शरीर वळलं, की दोन हाडांमध्ये चिमटली जाते ती बहुधा आतलीच. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग नेमका तसाच आहे.

तुम्ही सहज लिहिलेली एक गोष्ट निदानाला फार उपयोगी आहे: सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, ते तुटलं तर सांध्यात रक्त उतरतं आणि गुडघा तासा-दोन तासांत टम्म फुगतो. खेळाडू मैदानावरच सांगतो, ‘फुगला.’ गादीला रक्तपुरवठा असतो तो फक्त बाहेरच्या कडेला, साधारण १० ते ३० टक्के रुंदीपर्यंत. आतल्या भागाला जवळजवळ नसतोच. त्यामुळे गादी फाटल्यावर सांधा चिडून पाणी सोडतो आणि ते सावकाश, रात्रभरात साठतं. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही. गादी कडेलाच फाटली तर रक्त येऊन सूज लवकरही येऊ शकते. तरी ‘सूज कधी आली?’ हे विचारल्याशिवाय गुडघ्याला हात लावू नये, इतकं या उत्तराला वजन आहे.

आता त्या दहा-पंधरा मिनिटांत काय पाहिलं जातं ते बघा.

आधी पाणी. वाटी दाबून ती खालच्या हाडावर टकटकते का पाहतात, पण ते पाणी बरंच असलं तरच जाणवतं. थोडं पाणी शोधायला गुडघा सरळ ठेवून वाटीच्या आतल्या कडेनं तळहात दोन-तीनदा वरच्या दिशेनं फिरवतात, म्हणजे तिथलं पाणी हटतं. मग बाहेरच्या कडेनं वरून खाली हात ओढतात. आतला खळगा डोळ्यांदेखत फुगून आला, तर सांध्यात पाणी आहे. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि रुग्णाला दुखत नाही.

मग गुडघा पूर्ण सरळ होतो का. ही या सगळ्या तपासणीतली सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि घाईत हीच गाळली जाते. गादीचा फाटलेला तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मध्ये अडकला, तर शेवटचे १० ते ३० अंश गुडघा सरळ होतच नाही. दाबलं तर स्प्रिंगसारखा उसळून परत येतो. हा खरा ‘लॉक’. दुखतं म्हणून सरळ करवत नाही, किंवा मांडीचा मागचा स्नायू आखडला आहे, तो लॉक नव्हे. ही पाहणी तुम्ही घरीही करू शकता. खाटेवर पालथे झोपा, दोन्ही वाट्या काठाच्या जरा बाहेर येतील असं सरका आणि पाय सैल सोडा. घरच्या कोणालातरी मागून दोन्ही टाचांची उंची बघायला सांगा. दुखरी टाच जितके सेंटिमीटर वर, ढोबळमानानं तितके अंश गुडघा सरळ व्हायचा बाकी. एखादा सेंटिमीटर सुजेमुळेही असतो. पाच-सहा सेंटिमीटर असेल आणि दिवसागणिक कमी होत नसेल, तर तीन आठवडे थांबू नका, याच आठवड्यात जा.

यानंतर लिगामेंट. कारण साधं आहे: एसीएल आणि गादी अनेकदा एकदमच जातात. एसीएल तुटलेला असताना गादीच्या चाचण्यांवर फार विसंबता येत नाही. गुडघा २० ते ३० अंश वाकवून, एका हातानं मांडी धरून, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढतात, ती लॅकमन चाचणी. निरोगी गुडघ्यात ओढ कुठेतरी खटकन थांबते; एसीएल तुटलेला असला तर नडगी मऊपणे पुढे येत राहते. त्याच ३० अंशांत गुडघा आतल्या-बाहेरच्या बाजूंना ताणून बाजूची लिगामेंट पाहतात. आणि खुब्याचा सांधाही फिरवून बघायला हवा. खुबा बिघडलेला असताना दुखणं गुडघ्यात जाणवणारे रुग्ण असतात, त्यांचा गुडघा कितीही तपासला तरी काही सापडत नाही.

आता मुख्य भाग, सांध्याच्या फटीवरचं बोट. गुडघा ९० अंशांत वाकवून पाऊल टेबलावर टेकवतात. वाटीच्या खाली जी जाड शीर लागते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन मऊ खळगे असतात. अंगठा खळग्यात ठेवला की वर मांडीच्या हाडाचा गोलवा, खाली नडगीच्या हाडाची कड आणि मधे फट लागते. ही फट न सोडता अंगठ्याच्या टोकानं मागे मागे, पार लवणीजवळपर्यंत जायचं, दर अर्ध्या-एक सेंटिमीटरवर थांबून दाबायचं आणि चेहऱ्याकडे बघायचं. पाऊल आत वळवलं तर आतल्या गादीची कड थोडी पुढे येऊन बोटाखाली लागते. बाहेरच्या गादीसाठी पाय दुसऱ्या मांडीवर आडवा ठेवतात, म्हणजे बाहेरची फट उघडते.

चुका इथेच होतात. बोट एक सेंटिमीटर खाली घसरलं की आपण हाड दाबतोय, फट नाही. आतल्या बाजूच्या मध्यावर दुखलं तर ते लिगामेंटचंही असू शकतं, कारण ते तिथूनच फट ओलांडतं. पण लिगामेंट दुखावलं असेल तर फटीच्या वर किंवा खाली, जिथे ते हाडाला चिकटतं, तिथेही दुखतं आणि बाजूला ताणल्यावर कळ येते. दुखरी जागा फटीच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल, तर गादीचा संशय बळावतो. एक बारीक युक्तीही आहे. गुडघा आणखी वाकवला की गाद्या मागे सरकतात. दुखरी जागा त्याबरोबर मागे सरकली तर ती गादीची. जागच्या जागी राहिली तर बहुधा लिगामेंटची. तुमच्या डॉक्टरांनी एकाच जागी दोनदा दाबलं असेल, तर ते याचसाठी.

पाय धरून फिरवला ती मॅकमरे चाचणी. लिव्हरपूलचे अस्थिशल्यविशारद थॉमस मॅकमरे यांचं नाव तिला आहे. १९४० च्या दशकापासून ती जगभर शिकवली जाते. रुग्ण उताणा, स्नायू सैल. तपासणाऱ्याच्या एका हाताचा अंगठा आणि बोटं सांध्याच्या दोन्ही फटींवर, दुसऱ्या हातात टाच. गुडघा पूर्ण वाकवून टाच नितंबाला भिडवायची. आतल्या गादीसाठी पाऊल बाहेर वळवायचं, बाहेरच्या गादीसाठी आत, आणि ते वळण न सोडता गुडघा हळूहळू ९० अंशांपर्यंत उघडायचा. फाटलेला पदर हाडाखालून निसटताना फटीवरच्या बोटाला खट्ट जाणवतं आणि रुग्णाला ओळखीची कळ येते.

ही चाचणी करायला सोपी दिसते, पण तिचा अर्थ लावताना भले भले चुकतात. मॅकमरेंचा भर त्या खटक्यावर होता. आता अनेक ठिकाणी नुसतं दुखलं तरी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ लिहितात, मग झिजलेल्या गुडघ्यांचीही त्यात गणती होते. उलट, न दुखणारा खटका बहुतेक वेळा वाटीचा किंवा एखाद्या शिरेचा असतो. दुसऱ्या गुडघ्यातही तसाच वाजतो का, हे पाहिलं की उलगडा होतो. आणि सुजेमुळे गुडघा पूर्ण वाकतच नसेल, तर चाचणी झालीच नाही असं लिहायला हवं. ‘निगेटिव्ह’ लिहिणं चूक. शिवाय ही चाचणी मुख्यतः गादीचा मागचा भाग पकडते, पुढचा भाग तिच्या हाती लागत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर फाटलेल्या दहा गाद्यांपैकी सहा-सात तिला सापडतात, तीन-चार निसटतात. म्हणूनच एका चाचणीवर निदान करणाऱ्यापेक्षा प्रसंग, पाणी, फटीवरचं दुखणं आणि मॅकमरे अशा चार गोष्टी जुळवून बोलणाऱ्यावर विश्वास ठेवावा.

पालथं झोपवून, गुडघा ९० अंशांत वाकवून, टाचेवरून खाली दाबत पाय फिरवतात, ती अ‍ॅप्लेची चाचणी. तिच्यात दाबून फिरवल्यावर दुखणं गादीचं, आणि तोच पाय वर ओढून फिरवताना दुखणं लिगामेंटचं, असं मानतात. कल्पना छान आहे, भरवसा मध्यम. आणखी एक आहे थेसालीची चाचणी, २००५ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी मांडलेली. एका पायावर उभं राहायचं, गुडघा २० अंश वाकवायचा, डॉक्टरांचे हात आधाराला धरायचे आणि शरीर तीनदा आत-बाहेर वळवायचं. आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्या. सुरुवातीला तिची अचूकता ९० टक्क्यांच्या वर सांगितली गेली. नंतरच्या अभ्यासांत तेवढी निघाली नाही. तुमच्यासारख्या सुजलेल्या गुडघ्यावर ती करूच नये. आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून भावाकडून मॅकमरे करून घ्यायची हौसही नको. अर्धवट फाटलेला पदर अशानं पुढे फाटू शकतो.

तीन आठवड्यांनी बोलावलं त्याचं कारण आता लक्षात येईल. पहिल्या एक-दोन आठवड्यांत गुडघा सुजलेला आणि स्नायू ताठ असतात. कुठेही दाबलं तरी दुखतं, पूर्ण वाकत नाही. सूज उतरल्यावर हीच तपासणी कितीतरी स्पष्ट बोलते. एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, तो हाड मोडलेलं नाही याची खात्री करायला काढतात. एमआरआय आतल्या गादीचं साधारण ९० टक्के वेळा बरोबर सांगतो, बाहेरच्या गादीत चुकण्याचं प्रमाण थोडं जास्त. तुम्हाला तो लागेल तो अशा वेळी: गुडघा अडकला, लॅकमनमध्ये ढिलेपणा सापडला, चार-सहा आठवड्यांनीही पाणी साठतंच आहे, किंवा ऑपरेशनचा विचार सुरू झाला. ३३ व्या वर्षी, कडेला रक्तपुरवठा असलेल्या भागात उभी चीर असेल, तर गादी कापून न टाकता शिवता येते. म्हणून तीन आठवड्यांची तारीख चुकवू नका. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून यात्रेत परत नंदीध्वज पेलायला जाऊ नका. या वर्षी सेवा दुसऱ्या कोणाकडे सोपवा.

तोपर्यंत उकिडवं बसणं, मांडी घालणं आणि पाय रोवून वळणं बंद. मागाखाली वाकून काम करायचं असेल तर बुटकं स्टूल घ्या. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ पसरा, मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुंडाळी टाचेखालीच हवी. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं खरं, पण त्यानंच गुडघा वाकलेला राहायची सवय लागते. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं. तेल लावून झटका देणाऱ्याकडे जाणं नको. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करून शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि तारखेसकट लिहून ठेवा. दुखरी मांडी दोन सेंटिमीटरनं बारीक झाली असेल, तर व्यायाम पुरेसा होत नाहीये, हे डॉक्टरांना न सांगता समजेल.

आता आई. त्यांचा रिपोर्ट खोटा नाही. प्रश्न असा आहे की त्या रिपोर्टमधल्या चिरेमुळेच गुडघा दुखतोय का. पन्नाशीनंतर गादी झिजून फाटणं हे केस पांढरे होण्याइतकंच सर्रास आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले गेले. तो अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, गुडघा फारसा न झिजलेल्या पण आतली गादी झिजून फाटलेल्या १४६ जणांपैकी काहींची गादी दुर्बिणीतून कापली आणि काहींवर नुसतं ऑपरेशनचं नाटक केलं, कोणावर काय केलं ते रुग्णांना न कळू देता. २०१३ साली निकाल आला: वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. तेव्हा ‘ग्रेड ३’ या शब्दाला घाबरू नका. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतला बदल, फाटणं नव्हे. ग्रेड ३ म्हणजे तो बदल गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचला, म्हणजे चीर आहे, इतकंच.

विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसणाऱ्या बाईच्या गुडघ्यात दुखण्याची इतर कारणं भरपूर सापडतात, आणि ती बोटानंच सापडतात. सांध्याच्या फटीपासून दोन ते पाच सेंटिमीटर खाली, नडगीच्या आतल्या बाजूला दाबलं की आई ओरडतात का? तिथे तीन स्नायूंच्या शिरा एकत्र उतरतात आणि त्यांच्याखालची पिशवी सुजते. पन्नाशीच्या बायकांमध्ये हे फार आढळतं, आणि गादीशी त्याचा संबंध नसतो. जिना उतरताना आणि बसून उठताना पुढे, वाटीमागे दुखत असेल तर ती वाटीची झीज. संपूर्ण आतल्या फटीवर दुखतं, हाडाची कड खडबडीत लागते, सकाळी थोडा वेळ आखडतं, अशी लक्षणं असतील तर सांध्याची झीज. तिथे मॅकमरेही दुखणारच, त्यावरून काही ठरत नाही. झीज किती, ते पाहायला उभं राहून काढलेला एक्स-रे एमआरआयपेक्षा स्वस्त आहे आणि आईंच्या वयाला बहुतेकदा तोच आधी हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत फट फसवी रुंद दिसते.

याला एक अपवाद आहे, तो आईंना नीट विचारा. दोन वर्षांच्या दुखण्यात एखादा ठरावीक दिवस आठवतो का, जेव्हा खाली बसताना किंवा उठताना लवणीत ‘कट्ट’ असं झालं आणि तेव्हापासून दुखणं एकदम वाढलं? जमिनीवर बसणाऱ्या समाजात गादी मागच्या बाजूला मुळापासून सुटण्याचा प्रकार दिसतो. तो साध्या झिजेसारखा घेऊन चालत नाही, कारण मूळ सुटलं की गादी भार पेलायचं थांबवते आणि सांधा झपाट्यानं झिजतो. रिपोर्टमध्ये ‘रूट’ हा शब्द असेल, किंवा असा ‘कट्ट’चा दिवस आठवत असेल, तर गुडघ्याच्या सर्जनचं मत लवकर घ्या. दोन्ही नसेल आणि गुडघा अडकत नसेल, तर ऑपरेशनची घाई नाही. बारा आठवडे मांडीचे व्यायाम, जमिनीऐवजी पाटावर किंवा खुर्चीवर बसून विड्या, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं, हे आधी.

दोघांपैकी कोणाचाही गुडघा तापासकट लाल, गरम झाला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा चार पावलंही टाकता येईनात, तर थेट सिव्हिलच्या अपघात विभागात किंवा जवळच्या हाडांच्या दवाखान्यात जा. तारखेची वाट पाहू नका. एरवी पुढच्या भेटीला दोघं एकत्रच गेलात तरी चालेल. आईंना साडीऐवजी सैल सलवार किंवा परकर घालून न्या, दोन्ही गुडघे मांडीपर्यंत उघडे करता आले पाहिजेत. आणि एमआरआयचा लिफाफा तपासणी होईपर्यंत पिशवीतच राहू द्या. नेमकं कुठे दुखतं ते आईंना एका बोटानं दाखवायला सांगा, डॉक्टरांचं बोट त्या जागी जाऊ द्या, मग लिफाफा काढा.